अर्थमैंदा?

पंधरा-सोळा वर्षं मी वर्गात एकच प्रश्न विचारत आलो. फळ्याकडून वळायचं, खडूचे हात झटकायचे आणि विचारायचं, ‘अर्थमैंदा?’ तेलुगूत याचा अर्थ, समजलं का? समोरून सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, ‘अय्यिंदि सार!’ समजलं, सर. त्या आवाजावर माझा तास संपायचा आणि त्याच आवाजाच्या भरवशावर मी स्वतःला चांगला शिक्षक समजायचो. आज त्या आवाजाबद्दलच लिहायचं आहे. तो सगळ्या वर्गाचा नव्हता, हे कळायला मला वर्ग बंद पडावा लागला.

मी आदिलाबादच्या एका डिग्री कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. आमचा जिल्हा तेलंगणाच्या अगदी उत्तरेच्या टोकाला. पैनगंगा ओलांडली की पाटणबोरी, पुढे पांढरकवडा, म्हणजे यवतमाळ जिल्हा. नदीच्या अलीकडे बेला, जैनद, तामसी, तलमडगू या मंडलांत गावंच्या गावं घरात मराठी बोलतात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे तुकडे पडले. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, आमच्याच जिल्ह्यातला राजुराही तिकडे गेला, आम्ही आंध्रात गेलो आणि २०१४ला तेलंगणात आलो. २०१६ साली मोठ्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. पाट्या बदलत गेल्या, पण घरातली भाषा तीच राहिली. आमच्याकडे मराठी शाळा आहेत, मात्र बहुतेकांची मराठी दहावीपाशी संपते. अकरावीला मूल आदिलाबादला येतं आणि एका रात्रीत त्याचं सगळं शिक्षण तेलुगू नाहीतर इंग्रजी होऊन जातं. उटनूर, इंद्रवेल्लीकडून येणाऱ्या गोंड आणि कोलाम पोरांचं तर त्याहून अवघड, त्यांना हा प्रसंग पहिलीतच भोगावा लागतो.

मी स्वतः बेल्याकडचा. मराठी शाळेत दहावी झालो. ज्युनियर कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात सर वर्गाकडे येताना दिसले म्हणून मी सगळ्यांना सांगायला गेलो, ‘सार वच्चिंदि!’ सगळा वर्ग खो खो हसला. तेलुगूत माणसाला मान देऊन ‘वच्चारु’ म्हणायचं असतं. ‘वच्चिंदि’ हे रूप धाकट्या मुलीला चालतं, म्हशीलाही चालतं. मी सरांना ते लावलं होतं. पुढे वर्षभर मी वर्गात शिरलो की मागून कोणीतरी हळूच ‘वच्चिंदि’ म्हणायचं. त्या वर्षी मी मनाशी ठरवलं की तेलुगू अशी शिकायची की कोणाला शंका येता कामा नये. शिकलो. इतकी शिकलो की नोकरी लागल्यावर कॉलेजात मी मराठी आहे हे फारसं कोणाला माहीत नव्हतं, आणि मी कळूही दिलं नाही. शिपाई जैनदचा होता, त्याच्याशीसुद्धा मी तेलुगूतच बोलायचो.

एखादं मराठी शाळेतून आलेलं पोर माझ्या तासाला गोंधळलेलं दिसलं की माझ्या मनात एकच वाक्य यायचं. मी शिकलो ना, मग यांना काय झालं? मी याला शिस्त समजत होतो. तो आकस होता, आणि ज्यांच्यावर मी तो धरला ती माझ्याच गावाकडची पोरं होती.

मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे कॉलेज बंद झालं. ते सत्र कसंबसं उरकलं आणि १ सप्टेंबर २०२०पासून तेलंगणात ऑनलाइन शिकवणं सुरू झालं. शाळेच्या पोरांना दूरदर्शन यादगिरी आणि टी-सॅट या वाहिन्यांवर धडे लागायचे, आम्ही कॉलेजवाले मोबाइलवर. ऑनलाइन शिकवणं हे शिकवणंच नव्हे, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी स्टाफच्या ग्रुपवर वारंवार लिहायचो. मुलांचे डोळे दिसल्याशिवाय शिकवता येत नाही, मी चेहरे वाचून शिकवतो, असं माझं म्हणणं. पलीकडे कॅमेरे बंद, नुसते काळे चौकोन. मी त्याचा सरळ अर्थ लावला की पोरं झोपली आहेत. मग मीच नियम काढला. कॅमेरा लावेल त्याचीच हजेरी. असा नियम करायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. बेल्याकडचीच. वर्गात असताना शेवटच्या बाकावर बसायची. दोन सत्रांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. सप्टेंबरात एक दिवस माझ्या नियमाला घाबरून तिने कॅमेरा लावला. स्क्रीनवर तिचं अर्धं कपाळ आणि वर पत्रे दिसत होते, मागून भांड्यांचा आवाज येत होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, हा वर्ग आहे, स्वयंपाकघर नाही. बोललो तेलुगूत, चांगल्या शुद्ध तेलुगूत. चौकोन पुन्हा काळा झाला आणि त्यानंतर तिचा कॅमेरा कधी लागला नाही. मी गैरहजेरी लावत गेलो.

महिन्याभरात जोडलेल्या मुलांची संख्या निम्म्यावर आली. फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटांनी मीटिंग आपोआप बंद पडायची आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरं वाटायचं. मग तरुण सहकाऱ्यांचं बघून मी लेक्चर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकू लागलो. तेही वर्गातल्यासारखंच, चाळीस मिनिटांचं, मध्ये मध्ये ‘अर्थमैंदा?’ विचारत. समोर कोणी नसताना विचारायचो आणि दोन सेकंद थांबायचो. उत्तर येत नाही याचं वाईट वाटायचं. मला मुलांची उणीव भासत नव्हती, त्या ‘अय्यिंदि सार’ची भासत होती, हे तेव्हा कळलं नाही.

नोव्हेंबरातली गोष्ट. किंमत-निश्चितीचा भाग चालू होता. सरकार एखाद्या मालाची किमान किंमत ठरवतं, त्याला पुस्तकात फ्लोअर प्राइस म्हणतात. मागणीची रेषा, पुरवठ्याची रेषा, त्यांच्या छेदबिंदूच्या वर एक आडवी रेघ. दोन आठवडे मी ही आकृती समजावत होतो. त्या रात्री फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवला आणि त्याच भागाचं शेवटचं लेक्चर रेकॉर्ड केलं. संपत आलं तेवढ्यात दादा आला. माझा थोरला भाऊ, शेती बघतो. दिवसभर मार्केट यार्डात कापसाच्या रांगेत होता, मुक्कामाला माझ्याकडे. मी घाईने बटण दाबलं, म्हणजे दाबलं असं मला वाटलं.

दादाने पाणी प्यायच्या आधी खिशातून पावती काढली. म्हणाला, ‘बाबू, भाव तं ५८२५ सांगते. मग मले पैसे कमी काऊन लागले?’

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,८२५ रुपये होता. हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, नियम असा की कापसात ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यावर प्रत्येक टक्क्याला भावाच्या एक टक्का कटती. बाराच्या वर गेला तर घेतच नाहीत. दादाच्या पावतीवर मॉइश्चर ११ होतं. मी पावतीच्या मागे पेनाने मांडून दाखवलं. तीन टक्के जास्त, टक्क्याला ५८ रुपये २५ पैसे, म्हणजे १७४ रुपये ७५ पैसे कापले. राहिले ५,६५० आणि वर चार आणे. दादा म्हणाला, मग बाहेरचा व्यापारी याच्याहून कमी देते तरी लोक त्याच्याकडे काऊन जाते? मी म्हटलं, दादा, हमीभाव हा व्यापाऱ्यावर बंधनकारक नाही. सरकार फक्त एवढंच म्हणतं की या भावाने आम्ही घेऊ. सीसीआयचे पैसे खात्यात यायला दिवस लागतात, माल ओला निघाला तर गाडी परत न्यावी लागते, गाडीभाडं अंगावर पडतं. व्यापारी हातावर रोख ठेवतो. ज्याला उद्या मजुरांचे पैसे द्यायचे आहेत तो आजच्या रोखीसाठी दोन-चारशे रुपये सोडतो. म्हणजे तो वेळ विकत घेतो. दादा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘हां. आता समजलं.’

आम्ही जेवलो. रात्री दहाला मी ती फाइल न ऐकताच ग्रुपवर टाकली आणि झोपलो.

सकाळी फोन बघितला. एरवी लेक्चरखाली तीन-चार अंगठे यायचे. त्या दिवशी तीसच्या आसपास मेसेज होते. आधी वाटलं, कोणाचं तरी काही बरं-वाईट झालं, ते दिवसच तसे होते. मग फाइलची लांबी दिसली. चाळीसऐवजी एक्कावन्न मिनिटं. दादाचा आवाज, माझा आवाज, पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज, माझं ते बेल्याकडचं बोलणं, ‘असं कराले लागते’, ‘तुले सांगतो’, सगळं ग्रुपवर गेलं होतं. माझे कान तापले. मी तो मेसेज सगळ्यांकडून पुसायला गेलो, पण व्हॉट्सअ‍ॅपची तेव्हाची तासाभराची मुदत केव्हाच उलटली होती. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, घरात एकटा बसून घाबरलो होतो. मला मागून कोणीतरी ‘वच्चिंदि’ म्हणाल्याचा भास झाला.

मेसेज वाचायची हिंमत व्हायला अर्धा तास गेला. चेष्टा कोणीच केली नव्हती. ‘सार, शेवटचा भाग कशाबद्दल आहे, आम्हालाही सांगा’ असं तेलुगू पोरांनी लिहिलं होतं. तलमडगूच्या एका मुलाने आपल्या घरच्या पावतीचा फोटो टाकला होता. आणि ग्रुपवर नाही, मला एकट्याला, एक आवाजी निरोप होता. दोन मिनिटं अकरा सेकंदांचा. त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीचा.

ती म्हणत होती, सर, तुम्ही मराठी बोलता हे मले माहीतच नव्हतं. मग आवाज जरा खाली आणून, कोणी ऐकू नये असा: आमच्या बाबाच्या पावतीवर १२ मॉइश्चर हाय. मी हिशोब केला, २३३ रुपये कटले, ५५९२ भेटले पायजे. बरोबर हाय का? मग थोडी थांबली. मागे पुन्हा भांडी वाजत होती. आणि मग तिने विचारलं: सर, ते तुम्ही फ्लोअर प्राइस म्हणता, ते म्हणजे हमीभावच हाय का? मले वाटे ते काही वेगळंच असन.

मी तो निरोप चार वेळा ऐकला. अंगणात उभा राहून. हिशोब बिनचूक होता, पैशाचाही फरक नव्हता. पण मला बोचलं ते शेवटचं वाक्य. दोन आठवडे मी जी आडवी रेघ काढून दाखवत होतो, ती रेघ तिच्या घरात कागदावर छापलेली होती. तिचा बाप ती खिशात घालून आला होता. हमीभाव हा शब्द तिला लहानपणापासून ठाऊक होता, फ्लोअर प्राइस मी शिकवत होतो, तेलुगूतला ‘मद्दतु धर’ मी मधूनमधून म्हणत होतो. तिन्ही शब्द मला येत होते. त्यांची गाठ घालून देणं एवढंच माझं काम होतं. ते करायला मला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य मी पंधरा वर्षं गिळलं होतं.

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. या मुलांचं काय होतं ते त्या कॉलेजात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी तिथूनच आलो होतो. तरीही मी त्यांना तसंच बसू दिलं, कारण मराठीत एक शब्द बोललो असतो तर मी कुठला ते उघडं पडलं असतं. माझी लाज झाकायची किंमत ही पोरं भरत होती. तिने स्वयंपाकघराच्या त्या वाक्याचा साधा उल्लेखही केला नाही, तक्रार केली नाही. केली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला उत्तर पाठवलं. मराठीत, आवाजात. हिशोब बरोबर आहे, आणि हो, ते हमीभावच. मग म्हटलं, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं. तिचं उत्तर आलं, ‘हो सर.’ एवढंच.

त्या आठवड्यापासून मी रोज पाच-सहा मुलांना फोन करू लागलो. वर्गात अठ्ठावन्न नावं होती. घरी काय बोलता, दहावी कुठल्या माध्यमात, फोन कोणाचा, किती वाजता हातात येतो, एवढेच चार प्रश्न. चौदा जण मराठी शाळेतून आलेले निघाले. नऊ जणांच्या घरी गोंडी. म्हणजे अठ्ठावन्नांतले तेवीस. ‘अय्यिंदि सार’ म्हणणारे पहिले दोन-तीन बाक होते, बाकीचे त्यांच्या मागे दडून बसत होते आणि मी त्या आवाजाला वर्ग समजत होतो. बहुतेकांचा फोन बापाचा नाहीतर भावाचा होता आणि तो शेतातून संध्याकाळी सातच्या पुढे घरी यायचा. मी लेक्चर सकाळी साडेदहाला ठेवलं होतं, कारण कॉलेजचं वेळापत्रक तसं होतं. दोन मुलींचे फोन त्यांच्या आयांनी उचलले. दोघींची लग्नं झाली होती. माझ्याकडे त्या नुसत्या गैरहजर होत्या.

तिथून पुढे मी जे केलं त्यात हुशारी काही नाही. पण कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो, कारण ऑनलाइन शिकवायची वेळ पुन्हा कधीही येऊ शकते.

चाळीस मिनिटांचं लेक्चर मी मोडलं. आठ मिनिटांच्या वर एक तुकडा जाऊ द्यायचा नाही. आवाजाचाच, व्हिडिओ नाही. आठ मिनिटांचा आवाजी निरोप एक-दीड एमबीत बसतो, व्हिडिओ त्याच्या कैक पट डेटा खातो आणि गादीगुडा-नारनूरकडे तो उतरतच नाही. आकृती हवी असेल तर वहीच्या पानावर पेनाने काढायची आणि एक फोटो टाकायचा. छापील पीडीएफपेक्षा मुलांना तो जवळचा वाटतो, कारण तशीच त्यांना वहीत काढायची असते. तुकडा सुरू करताना व्याख्या सांगायची नाही, प्रश्न टाकायचा. तुमच्या घरचा कापूस कोणाला विकला आणि का? उत्तर ग्रुपवर मागायचं नाही, एकट्याला पाठवायला सांगायचं, आवाजात, कुठल्याही भाषेत. ग्रुपवर जी मुलं आयुष्यात बोलणार नाहीत ती रात्री दहाला कानाशी फोन धरून दोन-दोन मिनिटं बोलतात. त्यांना उत्तर द्यायचंच, मग ते दहा सेकंदांचं का असेना. थेट मीटिंग आठवड्यातून एकदाच, रात्री आठला, फक्त शंकांसाठी, कॅमेऱ्याची सक्ती नाही. हजेरी धरायची ती पाठवलेल्या उत्तराची. आणि धडे कोणत्या वारी येणार ते ठरवून टाकायचं. रोज सतरा फाइली ग्रुपवर ढकलण्यापेक्षा सोमवारी आणि गुरुवारी येणारा एकेक तुकडा पोरं वाट पाहून ऐकतात.

भाषेचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. नुसतं मराठीत बोललो असतो तर मी दुसऱ्या पस्तीस पोरांवर तोच अन्याय केला असता. पण इथेच मला रेकॉर्डिंगचं मोल कळलं, ज्याला मी इतकी नावं ठेवली होती. वर्गात तास एक असतो आणि त्यात आवाज एकच असतो. फोनवर तोच धडा मी दोनदा सांगू शकत होतो. एकदा तेलुगूत, एकदा मराठीत. ज्याला जो हवा तो त्याने ऐकावा. काहींनी दोन्ही ऐकले.

पुढे वाचताना लक्षात आलं की यात नवं असं काहीच नव्हतं. १९७५-७६ साली आपल्याकडे उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना टीव्हीवर शिकवण्याचा साइट नावाचा प्रयोग झाला. त्यात चित्र एक आणि आवाजाचे मार्ग दोन होते, त्यामुळे तेच चित्र आंध्रात तेलुगूत आणि कर्नाटकात कन्नडमध्ये ऐकता यायचं. माझ्या जन्माच्याही आधी कोणीतरी हा विचार केला होता. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठही आमच्याच हैदराबादेत, १९८२ साली निघालं, आजचं डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ. मी त्या पदव्यांकडे कायम नाक मुरडून पाहिलं होतं. त्या हिवाळ्यात मुक्त विद्यापीठांच्या अभ्यासपुस्तिका पहिल्यांदा नीट उघडल्या. समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून लिहिलेला प्रत्येक धडा. छोटे छोटे भाग, प्रत्येक भागाखाली स्वतःच तपासायचा प्रश्न, शेवटी उत्तरं. ते लिहिणाऱ्यांना विद्यार्थी दिसत नव्हता, म्हणून त्यांनी त्याचा पावलोपावली विचार केला होता. मला तो समोर दिसत होता, म्हणून मी केला नव्हता.

गोंडी मला येत नाही. इंद्रवेल्लीकडच्या एका मुलाला विचारलं, तू तुझ्या मित्रांसाठी हा धडा तुमच्या भाषेत सांगशील का? तो आधी नाही म्हणाला, अर्थशास्त्र गोंडीत कसं सांगणार म्हणाला. तीन दिवसांनी सहा मिनिटांची फाइल आली. मला त्यातलं काही कळलं नाही. फक्त मधूनमधून ‘मॉइश्चर’, ‘सीसीआय’ आणि ‘कटती’ हे शब्द ऐकू येत होते, आणि एके ठिकाणी तो हसला होता. आदिलाबाद आकाशवाणीवर गोंडी कार्यक्रम लागतो तो मी आयुष्यभर स्टेशन बदलत असताना ऐकला आहे. तेवढ्यापलीकडे ती भाषा माझ्या कानावर मी पडू दिली नव्हती, आणि त्या भाषेतली पोरं दर वर्षी माझ्यासमोर बसत होती.

यातून सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. सात-आठ मुलांपर्यंत मी शेवटपर्यंत पोहोचू शकलो नाही. रिचार्ज संपला की महिना महिना गप्प होणारी मुलं होती. लग्न झालेल्या त्या दोघी परत आल्या नाहीत. वर्ग हवाच, हे माझं मत आजही तसंच आहे. शेजारी बसून एका वहीत बघणं, मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणं फोनवर होत नाही. बदललं ते वर्गाबद्दलचं माझं मत. ऑनलाइनमध्ये मुलं माझ्यापासून तुटली असं मी म्हणत होतो. त्यातली कित्येक आधीपासूनच तुटलेली होती. वर्गात ती बाकावर बसलेली असल्यामुळे मला ते दिसत नव्हतं, काळ्या चौकोनामुळे दिसलं.

१ फेब्रुवारी २०२१ला कॉलेज पुन्हा उघडलं. पहिल्या तासाला मी उभा राहून तेलुगूत आणि मग मराठीत सांगितलं की मी बेल्याकडचा आहे, मराठी शाळेत शिकलो. हात थरथरत होते. मागून कोणी काही म्हणालं नाही. ती मुलगी शेवटच्या बाकावरच बसली होती. तासात ती तेव्हाही बोलली नाही, त्या वर्षी कधीच बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिचा आवाजी निरोप आला, त्यात तीन प्रश्न होते. मार्चच्या अखेरीस कॉलेज पुन्हा बंद झालं तेव्हा आमचं काम अडलं नाही.

आता मी ‘अर्थमैंदा?’ विचारत नाही. तास संपायच्या पाच मिनिटं आधी चिठ्ठ्या वाटतो. आज न कळलेली एक गोष्ट, कुठल्याही भाषेत, नाव न घालता लिहायची. गोंडी चिठ्ठ्या बहुधा तेलुगू लिपीत येतात, त्या मी त्या पोरांकडूनच वाचून घेतो. आवाजी तुकडे अजून पाठवतो, सोमवारी आणि गुरुवारी, दोन भाषांत.

ती मुलगी पदवीधर झाली. तिच्या वर्गाचं हजेरीपत्रक मी जपून ठेवलं आहे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२०मध्ये तिच्या नावापुढे एकोणीस गैरहजेऱ्या आहेत. त्या एकोणीसही दिवशी ती जोडलेली होती.